पहारेकरी

दिवाळीपूर्वीची झाडलोट घरोघरी बायका करतात आणि पुरुष मधे मधे लुडबुडतात. आमच्या घरी झाडू माझ्या हातात असतो आणि सौ. दार लावून आतल्या खोलीत बसलेली असते. चंद्रपूरसारख्या कोळशाच्या गावात धुळीला तोटा नाही. सकाळी पुसलेल्या कठड्यावरून संध्याकाळी बोट फिरवावे, तर ते काळे होते. पूर्वी मी तिकडे काणाडोळा करीत असे. आता तो कठडा दिवसातून तीनदा ओल्या फडक्याने पुसतो. कारण सौ.च्या छातीत जी फुप्फुसे आहेत, ती जन्माची तिची नाहीत.

तिची स्वतःची फुप्फुसे वर्षावर्षाने निबर होत गेली. न्हाणीघरापर्यंत चालली तरी धाप लागे. पुढे प्राणवायूची नळी चोवीस तास नाकाला लागली. मग चेन्नईची वारी, तिथल्या भाड्याच्या खोलीत महिनोन्महिने वाट पाहणे, आणि एका रात्री वाजलेला फोन. कुणाच्या तरी घरचा दिवा विझला होता आणि त्या घरच्या माणसांनी तशा दुःखातही 'हो' म्हटले होते. त्यांचे नावगाव आम्हांला ठाऊक नाही.

१९६३ साली अमेरिकेत जेम्स हार्डी यांनी माणसात पहिल्यांदा फुप्फुस बसवले, तेव्हा रोगी १८ दिवस जगला. पुढे २० वर्षांनी, १९८३ मध्ये, टोरांटोला जोएल कूपर यांनी ज्यांच्यावर ही शस्त्रक्रिया केली ते टॉम हॉल सहा वर्षांहून अधिक जगले. आज जगभरचा हिशेब पाहिला, तर निम्मे रोगी सहा वर्षांच्या पुढे जातात. हा आकडा मी एकदा वाचला. घरात त्याचा उच्चार मात्र कधी केला नाही.

शल्यवैद्यांचे काम काही तासांत आटोपते. घरच्या माणसाचे तिथून सुरू होते. परके फुप्फुस शरीराने झिडकारू नये म्हणून शरीराची प्रतिकारशक्तीच औषधाने दाबून ठेवावी लागते. ते औषध सकाळी नऊ आणि रात्री नऊ. त्यात मागेपुढे चालत नाही. बाकीचे अवयव निदान शरीरात झाकलेले असतात; फुप्फुसाला दर श्वासागणिक बाहेरची हवा लागते. शिवाय त्याच्या नसा तुटलेल्या असल्यामुळे खोलवर कफ साचला, तरी खोकला आपण होऊन येईलच असे नाही. तो ठरवून काढावा लागतो. रोज सकाळी एका लहानशा यंत्रात जोराने फुंकायचे. आकडा दहा टक्क्यांनी घसरला, की त्याच दिवशी चेन्नईला कळवायचे. मातीतल्या बुरशीचे भय म्हणून तुळशीची माती आता मी उकरतो. पपनसाने औषधाची मात्रा रक्तात वाढते, म्हणून ते घरात येत नाही. उदबत्ती बंद, कच्ची मटकी बंद, मिरचीची फोडणी दार लावून.

हे सारे मी मन लावून केले. इतके, की मी नवरा आहे हे विसरून पहारेकरी झालो.

गेल्या दिवाळीची गोष्ट. शस्त्रक्रियेला दीड वर्ष होऊन गेले होते. सौ.चे माहेर आरमोरीकडचे. तिकडे दिवाळी सरली, की गावोगाव मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. रात्री दहाला पडदा उघडायचा, तो उजाडेपर्यंत. भाऊबीजेला तिच्या भावाचा निरोप आला, "ताई, यंदा नाटकाला यावंच लागते." तिने कपाटातून साडी काढली. मी म्हणालो, "गर्दी, धूळ, शेकोट्यांचा धूर. काही नको."

ती भांडली नाही. साडी घडी करून ठेवताना एवढेच म्हणाली, "अहो, दवाखान्यातल्या सिस्टरसुद्धा माझ्याशी औषधाखेरीज दोन शब्द बोलायच्या."

त्याच सुमारास वर्गात आत्मचरित्र शिकवायचे म्हणून साधनाताई आमटे यांचे 'समिधा' पुन्हा हाती घेतले होते. वरोऱ्याचे आनंदवन आमच्याच जिल्ह्यातले. मणक्याच्या दुखण्याने बाबांना बसता येत नसे; एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. तशा अवस्थेत सत्तरी गाठलेले बाबा १९८५ मध्ये बसमध्ये आडवे पडून 'भारत जोडो'साठी कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. १९९० मध्ये ते आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले, तेव्हा साधनाताईही पंचाहत्तरीच्या नवऱ्याची पथ्ये सांभाळीत तिथे जाऊन राहिल्या. "आता विश्रांती घ्या" म्हणून त्यांना दार अडवता आले असते. त्यांनी दार अडवले नाही, सामान बांधले. हे पुस्तक मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवीत आलो, आणि घरात मात्र कुलूप घेऊन बसलो होतो.

मी डॉक्टरांना फोन केला. आकडे स्थिर होते. त्यांनी अटी घालून परवानगी दिली. तोंडाला मुखपट्टी, शामियान्याची मोकळी कड, शेकोटीपासून दूर, उकळलेले पाणी आणि औषध वेळेवर. मूल, गडचिरोली करीत आम्ही आरमोरीकडे निघालो. नऊची गोळी घेऊन ती वहिनींच्या शेजारी बसली. पहिल्या अंकानंतर उठायचे ठरले होते, उठलो तिसऱ्यानंतर. विनोदी पात्राने एकदा असा गोंधळ घातला, की ती मुखपट्टीच्या आत खळखळून हसली. चार वर्षांत तिचे हसणे धापेशिवाय पुरे झालेले मी ऐकले नव्हते.

सकाळी यंत्रात फुंकले. आकडा कालचाच होता. वहीत लिहिताना माझाच हात कापत होता.

धोका टळला असे मी म्हणत नाही. उद्याचा आकडा काय येईल, ते उद्या कळेल. कठडा अजूनही तीनदा पुसतो. पण यंदा भाऊबीजेची साडी कपाटातून मीच काढून ठेवली आहे.