पाळणा आणि पाऊलवाट

तारेवरून जाणाऱ्या पाळण्यात बसून डोंगर गाठणे हा आळस होय, असे पुष्कळांना वाटते. हे मत एकांगी आहे. स्वित्झर्लंडमधील वेंगेन गावाहून असा पाळणा मेनलिखेनच्या डोंगरधारेवर पोहोचवतो. तेथून क्लायने शायडेक खिंडीपर्यंतची सुमारे साडेचार किलोमीटरांची वाट सौम्य उताराची आहे. उन्हाळ्यात आयगर, म्योंख व युंगफ्राऊ ही शिखरे न्याहाळीत आजोबा आणि नातवंडे ती बरोबरीने चालू शकतात. खिंडीतून आगगाडीने परतता येते.

पाळणा चढण वाचवतो. दूरदृष्टीची उणीव मात्र तो भरून काढू शकत नाही. निघण्यापूर्वी हवामान व शेवटच्या गाडीची वेळ पाहावी आणि सर्वांत लहान मुलाच्या चालीने हिशेब मांडावा. ढग दाटून आले, तर बेत मोडण्यात कमीपणा कसला? डोंगर उद्याही तेथेच असेल.