विजासनची टेकडी

आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त जपानांत असतो. गेल्या हिवाळ्यांत हिरोशिमाजवळील मियाजिमा नांवाच्या बेटावर जाऊन तेथील मिसेन हा डोंगर तो पायीं चढला. डोंगराची उंची अवघी 535 मीटर. परंतु कोबो दाइशी ऊर्फ कुकाई या बौद्ध आचार्यानें 806 सालीं तेथें तप केलें व त्यानें पेटविलेला अग्नि आजतागायत जपला आहे, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. हिरोशिमाच्या शांति-उद्यानांत 1964 सालीं जी ज्योत पेटविली, तिच्यांतहि या अग्नीचा अंश आहे असें सांगतात. हें सर्व छायाचित्रांसह लिहून पुतण्यानें शेवटीं विचारलें, “काका, आपल्याकडे असा डोंगर कोणता?”

पत्र वाचलें तेव्हां मुलचेऱ्याच्या आमच्या घरीं तीन पिढ्या पानावर बसल्या होत्या. मार्कंड्याचें देऊळ आणि तेथील शिवरात्रीची यात्रा सर्वांस ठाऊक. परंतु बुद्धाचा डोंगर म्हटल्यावर कोणासच कांहीं सुचेना. अखेर आमच्या मातोश्री म्हणाल्या, “भांदकाजवळ पांडवांचीं लेणीं आहेत म्हणतात. तीं असतील का रे?” मुलांनीं तेवढें एक वाक्य उचलून धरलें, आणि पुढच्याच रविवारीं आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर, चंद्रपूर या वाटेनें आम्ही सर्वजण भद्रावतीस, म्हणजे जुन्या भांदकास, जाऊन पोंचलों.

विजासनची टेकडी गांवापासून जवळच आहे. मिसेनपुढें ती अगदींच ठेंगणी. मुलें तर धांवतच वर गेलीं. परंतु लेण्याच्या दाराशीं येतांच तींहि गप्प झालीं. डोंगराच्या पोटांत एक सरळ बोळ सुमारें सत्तर फूट आंत गेलेला आहे, आणि त्याच्या टोंकाशीं गाभाऱ्यांत बुद्धाची भव्य मूर्ति बसलेली आहे. या बोळास उजवीकडे व डावीकडे दोन फांटे फुटतात आणि त्यांच्या शेवटींहि एकेक गाभारा व एकेक बुद्ध आहे. जनरल कनिंगहॅम 1873 ते 1875 च्या दौऱ्यांत या भागांत आले, तेव्हां त्यांनीं भांदकच्या अवशेषांचें वर्णन लिहून ठेविलें. परदेशच्या माणसानें दीडशें वर्षांपूर्वीं जें पाहिलें, तें आम्हीं एका दिवसाच्या वाटेवर राहून पाहिलें नव्हतें!

आंत जवळच्या खेड्यांतील एक कुटुंब मेणबत्त्या लावीत होतें. मातोश्रींनीं त्यांतील वृद्ध बाईस विचारलें, “बाई, हे पांडवच ना?” ती हंसून म्हणाली, “नाही वं माय, पांडव नोहेत. हे बुद्ध भगवान आहेत.” मग ती सांगूं लागली. डॉक्टर आंबेडकर 16 ऑक्टोबर 1956 रोजीं चंद्रपुरास दीक्षा देण्यास आले, तेव्हां तिचे वडील तिला खांद्यावर घेऊन गेले होते. तेव्हांपासून दरवर्षीं त्यांचें घर या टेकडीवर येतें.

उतरतांना मातोश्रींचे गुडघे दुखूं लागले. त्या बाईनें न विचारतां हात पुढें केला, आणि पायथ्यापर्यंत दोघी एकमेकींस धरून उतरल्या. वाचकहो, एक गोष्ट लपवून ठेवणें बरें नव्हे. आमच्या लहानपणीं घराच्या मागील ओसरीवर या समाजाच्या माणसांसाठीं एक निराळा पेला उपडा ठेविलेला असे. तो मातोश्रींच्याच हातचा. परतीच्या वाटेंत त्या फारसें बोलल्या नाहींत. वैनगंगेच्या पुलावर मात्र नातवंडांस म्हणाल्या, “तीं पांडवांचीं लेणीं नव्हेत रे. मी चुकीचें सांगितलें होतें.”

घरीं येऊन आम्हीं पुस्तकें उघडलीं, तेव्हां आणखी एक नवल आढळलें. कुकाईनें जपानांत जो शिंगोन पंथ स्थापिला, त्याच्या आचार्यपरंपरेंत नागार्जुनाचें नांव आहे. आणि तिबेटी परंपरेप्रमाणें हा नागार्जुन विदर्भांतील एका ब्राह्मणाचा मुलगा. म्हणजे ज्या परंपरेचा अग्नि जपानच्या बेटावर जपला जातो, ती आपल्या एका पूर्वजाचें नांव अजून घेते. आपण मात्र त्यास विसरलों, आणि बुद्धास पांडव म्हणूं लागलों. हा वारसा या टेकडीवर पुन्हां जागता केला तो त्या लोकांनीं, ज्यांना आपल्या घरांनीं ओसरीवर थांबविलें.

ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं हिवाळ्यांत, उन्हें चढण्यापूर्वीं जावें. विजेरी व पिण्याचें पाणी बरोबर घ्यावें. वृद्ध माणसांस सावकाश चढवावें. पूजा चालली असेल तर पादत्राणें बाहेर ठेवून क्षणभर शांत उभें राहावें. त्याच दिवशीं भद्रनागाचें देऊळ, पार्श्वनाथाचें जैन मंदिर आणि डोलारा तलावांतील बेटाकडे नेणारा जुना दगडी पूल हींहि पाहून होतात. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके 694 चा, म्हणजे इसवी सन 772 चा ताम्रपट याच भांदकास सापडला, हें मुलांस तेथेंच सांगावें; वाचलेलें विसरतें, परंतु पाहिलेल्या जागेवर ऐकलेलें राहतें.

पुतण्यास उत्तर लिहावयास बसलों तेव्हां मातोश्री जवळ येऊन म्हणाल्या, “त्याला लिही, डोंगर आहे. सुटींत आला म्हणजे मी त्याला दाखवीन. आणि मला हात देणारी ती बाई कोणत्या खेड्याची, तें विचारायचें राहिलें, तेंहि लिही.”