तीन बोटांत बारा सूर

दोस्तांनो, या आठवड्याचा प्रश्न आलाय थेट सिंधुदुर्गनगरीहून. सातवीतली आपली एक मैत्रीण लिहिते : "मी शाळेच्या पथकात बिगूल वाजवते. ओरोसच्या परेड मैदानावर पोलीस बँडमधले काका ट्रम्पेटवर अख्खं गाणं वाजवतात. माझ्या बिगुलावर मात्र साधं सा रे ग म येत नाही. तेही पितळेचं, हेही पितळेचं. माझा बिगूल बिघडलाय, की मलाच जमत नाही? जमत नसेल तर पथक सोडू का?"

अगं, थांब! तुझा बिगूल ठणठणीत आहे आणि तूही. आधी आतली गंमत तर ऐक.

बिगूल म्हणजे गुंडाळून ठेवलेली एक लांब नळी. तोंडाशी आपले ओठ थरथरतात आणि त्यांच्या तालावर नळीतली हवा थरथरू लागते. पण ही हवा भारी हट्टी बरं का! आपण म्हणू त्या सुरावर ती थांबत नाही. एखादी जलद एस.टी. कशी कणकवलीला थांबते आणि मग एकदम कुडाळला. मधे कसालला कितीही हात करा, ती आपली भुर्रकन पुढे! बिगुलाचंही तसंच. ओठ हळूहळू आवळत गेलं, की त्याचे थांबे लागतात : खालचा सा, खालचा प, मग मधला सा, ग आणि प. संपले! बिगुलाचे इशारे साधारण या पाच सुरांतच बसवलेले असतात. रे, म, ध, नी या थांब्यांवर गाडी थांबतच नाही.

मग ट्रम्पेटची गाडी कशी थांबते? उत्तर एका शब्दात : लांबी. नळी लांब केली की तिचे सगळेच सूर खाली उतरतात. ही गोष्ट वादकांना फार पूर्वीच ठाऊक होती. ते नळीचे जादा तुकडे जवळ बाळगत आणि पट्टी बदलायची वेळ आली की एक काढून दुसरा बसवत. पण गाणं चालू असताना हे कसं जमणार? १८१० साली डब्लिनच्या जोसेफ हॅलिडे यांनी बिगुलाला बासरीसारखी भोकं पाडून त्यांवर झाकणं बसवली. सूर वाढले, पण सगळे सारखे खणखणीत येईनात.

मग पुढे आले जर्मनीतले दोन वादक, हाइनरिख श्टोल्झेल आणि फ्रीडरिख ब्ल्यूमेल. त्यांनी जादा तुकडे वाद्यालाच कायमचे जोडले आणि त्यांच्या तोंडाशी व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, बसवल्या. १८१८ साली दोघांनी मिळून त्याचं पेटंट घेतलं. आजच्या ट्रम्पेटवर दिसतो तसा दट्ट्या १८३९ मध्ये पॅरिसच्या फ्रान्स्वा पेरिने यांनी घडवला. पिचकारीत असतो तसाच हा दट्ट्या, फक्त याला आरपार भोकं असतात. दट्ट्या वर असला की हवा सरळ जाते. बोटाने दाबला की भोकं खाली सरकतात आणि हवेला बाजूच्या वळणातून फेरी मारून यावं लागतं. बोट उचललं की स्प्रिंग त्याला पुन्हा वर ढकलते.

आता पेटी डोळ्यांसमोर आणा. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजायच्या हं! ट्रम्पेटची नळी सुमारे दीड मीटरची. मधला दट्ट्या तिला साधारण ९ सें.मी. वाढवतो, की सूर एक पट्टी उतरतो. पहिला सुमारे १८ सें.मी. वाढवतो, की दोन पट्ट्या. तिसरा सुमारे २८ सें.मी., म्हणजे तीन पट्ट्या. एकेक दाबा, जोडीने दाबा किंवा तिन्ही दाबा. एकपासून सहापर्यंत हव्या तेवढ्या पट्ट्या उतरता येतं. आणि बिगुलाच्या खालच्या सा-प मधे रिकाम्या पट्ट्या किती? मोजा बरं. बरोबर सहा! सगळ्यात मोठी रिकामी जागा भरली, मग वरच्या लहान जागा तर सहजच भरतात.

आता तुझ्यासारख्याच काही मुलांची गोष्ट. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत माजी सैनिकांच्या संघटनांनी ढोल आणि बिगुलांची पथकं सुरू केली. त्यांना म्हणतात ड्रम कोअर. पुढे मुलामुलींचीही पथकं निघाली, स्पर्धा होऊ लागल्या. ट्रम्पेटला तीन दट्ट्ये केव्हाच आले होते, पण इथे नियम एकच : वाजवायचा तो बिगूलच! मग हळूच एका दट्ट्याला परवानगी मिळाली. तो आडवा असे आणि अंगठ्याने दाबायचा. त्या एकट्याची करामत बघा. तो दाबला की नळीचा सा घसरून खालच्या प वर जाई. म्हणजे एका बिगुलात दोन बिगूल! एकाचे सा, ग, प आणि दुसऱ्याचे प, नी, रे. राहिले फक्त म आणि ध. पुढे दुसरी झडप आली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस दोन उभे दट्ट्ये आले, १९९० मध्ये तिसरा. २००० सालापासून तर बिगुलाच्या ठरलेल्या पट्टीचंही बंधन गेलं. "आता बिगूल बिगूल राहिला नाही," असं काही जुनी मंडळी हळहळली. मुलांना मात्र हवी ती धून वाजवता येऊ लागली. दोघांचंही म्हणणं खरंच नाही का?

कारण दट्ट्या सूर निवडतो, फुंकर मारत नाही. दम तुमचा आणि ओठही तुमचेच. आपल्या शेजारच्या गोव्यातल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आई-बाबांना, नाहीतर आजोबांना, नक्की आठवतील. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' (१९५१) चित्रपटातल्या संगीतात त्यांचा वाटा होता. त्यांच्याही ट्रम्पेटला दट्ट्ये तीनच! बाकी सगळी मेहनत.

तेव्हा मैत्रिणी, पथक सोडू नकोस. दट्ट्यांच्या मदतीशिवाय पाच सूर नेमके लावतेस, म्हणजे ट्रम्पेटचा सर्वांत अवघड धडा तू आधीच गिरवते आहेस. आणि पाच सूर कमी समजू नकोस. शहीद जवानाला निरोप देताना 'लास्ट पोस्ट' वाजते, ती याच मोजक्या सुरांत. सारं मैदान तेव्हा स्तब्ध उभं असतं.

करून पाहा : दीड मीटर रबरी नळी स्वच्छ धुऊन घ्या. एका टोकात नरसाळं घट्ट बसवा. दुसरं टोक मिटलेल्या ओठांवर ठेवून 'प्र्र्र' करत फुंका. ओठ सैल-घट्ट केले की दोन-तीन वेगळे सूर मिळतील. मधले मात्र काही केल्या मिळणार नाहीत! (आई-बाबांनो, दुपारच्या झोपेची वेळ मुलांना आधीच सांगून ठेवा.)

आता तुमची पाळी : तीन दट्ट्ये दाबण्याच्या, एकही न दाबण्याची धरून, आठ तऱ्हा होतात. पण त्यांतल्या दोन तऱ्हा सूर तितक्याच पट्ट्या उतरवतात. त्या कोणत्या? पेन्सिल घ्या आणि शोधा. उत्तर पुढच्या अंकात!