सांगणारा कोण, ते ठाऊक हवं

निफाडकडे माझ्या मामेभावाची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की तिकडे सगळ्यांच्या तोंडी एकाच रोगाचं नाव, डाऊनी. पानावर तेलकट पिवळे डाग आणि मागे पांढरी बुरशी दिसली की फवारणीला उशीर चालत नाही. घड गेले तर वर्ष गेलं. पूर्वी तो अशा पानांचे फोटो फेसबुकवरच्या हजारो सभासदांच्या गटात टाकायचा. खाली औषधविक्रेत्यांचे नंबर यायचे, 'छान माहिती' असे शेरे यायचे आणि मधेच दोघा-चौघांची राजकारणावरून जुंपायची. आता तोच फोटो पन्नास-साठ बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटात जातो. तिथला नियम कडक आहे. पानाची दोन्ही अंगं दिसली पाहिजेत, छाटणीला किती दिवस झाले ते लिहायचं, शेवटची फवारणी कशाची तेही लिहायचं. नाहीतर कुणी उत्तर देत नाही. आणि उत्तर देणाऱ्याची बाग शेजारच्या शिवारात असते. भलतंच औषध सांगितलं तर आठवडी बाजारात गाठ पडतेच.

माणसं मोठ्या समाजमाध्यमांना कंटाळली, असं म्हटलं जातं. मला ते अपुरं वाटतं. ती माध्यमंच बदलली. 2006 मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणलं, तेव्हा त्यात ओळखीच्यांच्याच घडामोडी दिसायच्या. पुढे समोर काय यावं हे यंत्र ठरवू लागलं, आणि जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीला तर आपण सतत पडद्यासमोर हवे असतो. भांडण माणसाला धरून ठेवतं, मावसबहिणीच्या बाळाचं बारसं तेवढं धरून ठेवत नाही. जानेवारी 2018 मध्ये मित्र-नातेवाइकांच्या मजकुराला प्राधान्य देऊ, असं फेसबुकनेच जाहीर केलं. म्हणजे तो मजकूर मागे पडल्याचं कंपनीलाही कळलं होतं.

पण गट लहान आहे एवढ्यावर विसंबू नये. त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना मारहाण करून ठार मारलं. भिक्षेसाठी गावोगाव फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते. अशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरूनच, ओळखीच्यांकडून ओळखीच्यांकडे फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. ती हवीच होती. मात्र भावकीतल्या वडीलधाऱ्याला 'काका, हे तुम्हाला कुणी पाठवलं?' असं विचारायला माणूसच लागतो.

नीट चाललेल्या गटात असं विचारणारा एक तरी ॲडमिन असतो. तो चारचौघांत न बोलता फोन करतो, खात्री नसलेला मजकूर काढायला लावतो. लोक रुसतात, निवडणुकीच्या दिवसांत तर गट सोडून जातात. मोठ्या कंपन्या या कामाला पगारी माणसं ठेवतात. इथे एकच जण दिवसभराचा कामधंदा सांभाळून रात्री ते करतो. दर सहा महिन्यांनी हे काम दुसऱ्याने अंगावर घ्यावं, असं आमच्या वाचक गटात ठरलं आहे. पुढच्या पाळीसाठी मी नाव दिलं आहे.