श्वास धरा, वन्सं!

मंडळी, मध्यंतरी आमच्या वन्सांना घेऊन डोंबिवलीहून ठाण्याला स्कॅनसाठी गेले होते. वन्सं ८१ वर्षांच्या. हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप आखडलेली. छाती न उघडता मांडीच्या रक्तवाहिनीतून नवी झडप बसवायची असं ठरलं. (फ्रान्सच्या डॉ. क्रिबिए यांनी २००२ साली हे पहिल्यांदा केलं.) त्यासाठी आधी सीटी स्कॅनवर माप घेतात. माप मिलिमीटरचं, आणि जिचं घ्यायचं ती झडप मिनिटाला सत्तर वेळा हलणारी!

यंत्रातून आवाज आला, ‘ब्रीद इन, होल्ड युवर ब्रेथ.’ वन्सांना काही कळलं नाही. घाबरून त्यांनी श्वास सोडला आणि चित्रं हलली. पुन्हा यायचं, शिरेतून पुन्हा ते औषध घ्यायचं. त्यांची किडनी आधीच नाजूक, मला धस्सच झालं.

घरी आल्यावर ‘त्यापेक्षा इकोच बरा’ असं आमच्या ह्यांचं मत पडलं. इकोत झडप हलताना दिसते हे खरं. १९५३ साली स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी तो पहिल्यांदा केला, तेव्हा हालचाल हीच तर त्यांची खूण होती. पण झडपेच्या कड्याचं नेमकं माप सीटीवरच चांगलं मिळतं.

मग मी वन्सांना झोपाळ्याचं उदाहरण दिलं. झोका टोकाला गेला की क्षणभर थांबतो, तेव्हा फोटो काढला तर स्वच्छ येतो. हृदयही दोन ठोक्यांच्या मधे जरा विसावतं. छातीला लावलेल्या ईसीजीच्या तारांवरून यंत्राला ठोका कधी पडला ते कळतं, मग ते ठोक्यातल्या त्या त्या क्षणाची चित्रं जुळवतं. नाडी जलद झाली की हा विसावाच आधी कमी होतो. ठोके अनियमित असले तर व्रात्य पोराने झोपाळा वाटेल तसा ढकलल्यासारखं होतं, जुळवणार काय! शिवाय झडपेचं कडं हृदय आकुंचन पावताना बहुधा थोडं मोठं असतं, म्हणून नुसत्या विसाव्याच्या चित्रावर भागत नाही. नाडी मंदावणाऱ्या गोळ्या असतात, पण झडप आखडलेली असताना त्या फार जपून देतात. उरलेला धूसरपणा काढायला हल्ली सॉफ्टवेअरही आहे.

हे सगळं झालं हृदयाच्या हालचालीचं. श्वासाचं ईसीजीला काहीच कळत नाही. तेवढी एकच हालचाल रुग्णाच्या हातात असते आणि नेमकी तीच त्याला परक्या भाषेत, आयत्या वेळी सांगायची? माझ्या मते दोन मिनिटं मराठीत समजावणं आणि एकदा सराव करून घेणं हा स्कॅनचाच भाग धरायला हवा. कोट्यवधींचं यंत्र घेणाऱ्यांना मराठी आवाज भरून घेणं जड का जावं? चाळीस पोरांच्या वर्गात एक सूचना तीनदा द्यावी लागते हो, आणि इथे तर माणूस घाबरलेला असतो.

दुसऱ्या खेपेला तंत्रज्ञ मुलीला मीच विनंती केली. गुणी पोर, तिने ‘आजी, आता श्वास धरा’ म्हणत दोनदा सराव करून घेतला. चित्रं स्वच्छ आली. परतीच्या गाडीत वन्सं म्हणाल्या, “अगं, मी श्वास इतका धरला की सोड म्हटलेलंही ऐकू आलं नाही!”