सीटी स्कोअरच्या खालची ओळ

मे 2021. आई साताऱ्याच्या एका दवाखान्यात, आणि मी तोक्योतल्या निशी-कासाईच्या घरात. भारतातून येणाऱ्या परदेशी रहिवाशांना त्याच महिन्यात जपानने दार बंद केलं होतं. गेलो तर परत येता येईल का, याची खात्री नव्हती. दादाने व्हॉट्सअॅपवर छातीच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट पाठवला. आम्ही दोघांनी त्यातला एकच आकडा पाहिला: 25 पैकी 14. त्या दिवसांत सगळं घर त्या स्कोअरवर श्वास घेत होतं.

रिपोर्टच्या अगदी खाली आणखी एक ओळ होती. डी-12 मणका पुढून दबलेला, हाडं विरळ. ती मी दीड वर्षानंतर वाचली. दिवाळी 2022 ला घरी गेलो तेव्हा आई बुटकी झालेली दिसली, आणि पाण्याची कळशी उचलताना तिचा दुसरा मणका दबला तेव्हा जुन्या फाइली उघडल्या. माझं पोटच लॉग वाचण्यावर चालतं. लाल एरर दिसली की धावायचं आणि पिवळी वॉर्निंग सोडून द्यायची, ही खोड घरीही नडली.

ही ओळ किरकोळ नव्हती. इटलीत मिलानच्या सान राफाएले रुग्णालयाच्या डॉक्टरांनी पहिल्या लाटेतल्या 114 कोविड रुग्णांचे छातीचे एक्स-रे मणक्यांसाठी पुन्हा तपासले. 41 जणांचे, म्हणजे 36 टक्के लोकांचे मणके मोडलेले निघाले. अशा रुग्णांना मास्कच्या व्हेंटिलेटरची गरज जास्त लागली. त्यांच्यातले 22 टक्के दगावले, बाकीच्यांतले 10 टक्के. रुग्ण थोडे असल्याने मृत्यूतला हा फरक पक्का म्हणता येत नाही, आणि मोडलेल्या मणक्यानेच माणूस गेला असंही नाही. वय, अशक्तपणा, इतर आजार हे सगळं त्यात आलंच. पण कारण समजण्यासारखं आहे. छातीच्या भागातले मणके दबले की पाठीला बाक येतो, बरगड्यांचा पिंजरा आखडतो, फुफ्फुसाला फुलायला जागा उरत नाही. दुखतं म्हणून माणूस नीट खोकतही नाही. वाकलेल्या पाठीच्या म्हाताऱ्या माणसाला ऑक्सिजनसाठी पालथं झोपवणंही अवघड. वर अंथरुणावरचे दिवस, आणि स्टेरॉइड. स्टेरॉइडने त्या काळात जीव वाचवले हे खरंच, पण ते जास्त दिवस चालू राहिलं की हाडं पोखरतं.

आई वाचली. सोळा दिवसांनी घरी आली. डिस्चार्ज कार्डावर मणक्याचा शब्द नव्हता. वॉर्डात खाटा पुरत नव्हत्या, तिथल्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. पण लाट ओसरल्यावर तरी?

इथे शेजारच्या आजींशी बोलताना एक शब्द कळला: 'इत्सु-नो-मानिका कोस्सेत्सु', नकळत झालेलं फ्रॅक्चर. टीव्हीवरही तो ऐकू येतो. मणक्याची बहुतेक फ्रॅक्चर अशीच असतात, पडल्याशिवाय होतात आणि 'पाठ धरली' म्हणून बाम चोळण्यात जातात. जपानमध्ये 40 ते 70 वयाच्या बायकांना दर पाच वर्षांनी हाडांच्या तपासणीची सोय नगरपालिका करते. जातात त्यातल्या थोड्याच, आणि पुरुषांना ती नाही, म्हणजे इथेही सगळं आदर्श नाही. पण आजाराला रोजच्या बोलण्यातलं नाव आहे. आपल्याकडे त्याचं नाव 'वय झालं'.

म्हणून घरच्यांना एक विनंती. 2020-21 चे सीटी रिपोर्ट बहुतेक घरांत अजून फोनमध्ये पडलेले असतील. स्कोअरच्या खालचं वाचा. मणका, कॉम्प्रेशन, ऑस्टिओपेनिया असा शब्द दिसला तर तो कागद घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि डेक्सा तपासणीबद्दल विचारा. कागद नसेल तर भिंतीला टेकवून उंची मोजा. तरुणपणीपेक्षा चार सेंटिमीटर कमी भरली तर थांबू नका. आणि रेडिओलॉजिस्ट मंडळींनी अशी नोंद तळाशी न ठेवता निष्कर्षात वर घ्यावी, एवढं मागणं जास्त नाही.

आईचं औषध चालू आहे. आता बाबांची पाळी. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर दादाने त्यांना भिंतीला उभं केलं. "उंची कशाला मोजताय, मला काय आता मुली बघायला जायचंय?" म्हणाले. डोकं भिंतीला टेकत नव्हतं. मंगळवारची वेळ घेतली आहे, अजून ते हो म्हणालेले नाहीत.