मुदत पीडितेला, मोकळीक सरकारला
(जाहीर पत्रक)



महाराष्ट्रात उत्पन्नाचा दाखला मुदतीत मिळाला नाही, तर जबाबदार अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. 2015 चा लोकसेवा हक्क कायदा तसे सांगतो. पण बलात्कार सोसलेल्या मुलीला मंजूर झालेली नुकसानभरपाई वर्षभर मिळाली नाही, म्हणून कोणत्या साहेबाने दंड भरल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे?

भरपाई ही मेहेरबानी नव्हे. माणसाच्या जिवाचे आणि अब्रूचे रक्षण करणे हे राज्याचे पहिले काम. ते राज्याला जमले नाही, म्हणून राज्य ही रक्कम देणे लागते. फौजदारी प्रक्रिया संहितेत 357-अ हे कलम 31 डिसेंबर 2009 पासून लागू झाले. 1 जुलै 2024 पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 मध्ये आहे. आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबण्याची सक्ती त्यात नाही. आरोपी सापडलाच नाही, तरी पीडित व्यक्ती किंवा तिचे वारस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. ही गोष्ट पोलीस ठाण्याच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेली असायला हवी. तिथे पाकीटमारांपासून सावध राहण्याची सूचना मात्र न चुकता असते!

याच कलमात एक पळवाट आहे. चौकशी संपवून भरपाई ठरवायला दोन महिन्यांची मुदत आहे. ठरलेली रक्कम खात्यात कधी पडावी, याबद्दल कलम गप्प आहे. घड्याळ कोषागाराच्या दारात बंद पडते. मुदत घालणे अशक्य होते असे मुळीच नाही. बालकांवरील लैंगिक अत्याचारांसाठी केलेल्या पॉक्सो नियमांत, 2020 साली, आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत पैसे द्या असे स्पष्ट लिहिले आहे. उलट, महिलांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2018 मध्ये जी योजना केली, तिच्यात अर्जदार स्त्रीला तीन वर्षांची मर्यादा आहे. उशीर झाला तर कारण तिने द्यायचे.

मग फाइल फिरू लागते. पोलीस म्हणतात, कागद पाठवले. प्राधिकरण म्हणते, आदेश झाला, निधी आला की देऊ. संबंधित सरकारी खाते म्हणते, मागणी वित्त विभागाकडे गेली आहे. यातला प्रत्येक जण कदाचित खरेच बोलत असेल, आणि दुखणे नेमके तिथेच आहे. या उशिराला कोणाचेही नाव नाही.

घोषणांची मात्र कधी टंचाई पडली नाही. 2 ऑक्टोबर 2013 ला राज्य सरकारची, अत्याचारपीडित महिला व बालकांसाठीची मनोधैर्य योजना आली : दोन लाख, विशेष प्रकरणात तीन लाख. डिसेंबर 2017 मध्ये कमाल मर्यादा दहा लाखांवर गेली. मथळे झाले, सत्कार झाले. मंजूर झालेल्यांपैकी किती जणींच्या हाती प्रत्यक्ष किती आणि किती दिवसांनी पडले, हे सांगणारा फलक तुमच्या जिल्हाधिकारी कार्यालयात आहे का, जरा बघून या.

न्यायालयांनी सांगायचे बाकी ठेवलेले नाही. भरपाईचा विचार प्रत्येक फौजदारी खटल्यात केलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात बजावले. अकरा वर्षांनी, 4 नोव्हेंबर 2024 ला, पुन्हा महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, सत्र न्यायालयाने अल्पवयीन पीडितेच्या भरपाईचा आदेशच दिला नव्हता, हे सर्वोच्च न्यायालयालाच नोंदवावे लागले.

‘खोट्या तक्रारी होतात, जपून द्यावे लागते,’ हे उत्तर ठरलेले. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या 2018 च्या योजनेतच खोट्या तक्रारीवर दिलेली रक्कम वसूल करण्याची सोय आहे. तेव्हा ही ढाल आता खाली ठेवा. गोपनीयतेची ढालसुद्धा चालणार नाही. कायद्याने झाकायची ती पीडितेची ओळख; तिची फाइल किती महिने पडून आहे, हा आकडा झाकायचे काही कारण नाही.

आमची मागणी साधी आहे. आदेशापासून 30 दिवसांत पैसे, ही मुदत प्रत्येक पीडिताला लागू करा. चुकल्यास व्याज द्या, आणि ते ज्याच्या टेबलावर फाइल अडली त्याच्याकडून वसूल करा. दर महिन्याला जिल्हावार आकडे जाहीर करा : अर्ज किती, मंजूर किती, दिले किती, थकले किती.

तोवर आपण गप्प बसायचे नाही. ओळखीत कोणी पीडित असेल तर 15100 या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. अर्ज दिला की तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि ज्यांच्या घरी असे काही घडलेले नाही, त्यांनी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. वरचेच चार आकडे मागा, आणि सोबत एक पाचवा प्रश्न : सर्वांत जुने थकलेले प्रकरण किती दिवसांचे आहे? त्यांना उत्तराला 30 दिवस आहेत.